तिसरा फास्टॅगही वाचला जात नाही? चौथा मागवण्याआधी काच बघा

टोलनाक्यावर गाडी थांबते. दांडा वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागतात आणि खिडकीतला मुलगा म्हणतो, "टॅग रीड नहीं हो रहा, थोड़ा पीछे लीजिए." गाडी मागे घेतली, पुढे घेतली, तरी काही नाही. मग तो हातातलं मशीन घेऊन बाहेर येतो, काचेला लावतो, एक बीप वाजतो आणि आपण सुटतो. पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच.

असं एखाद्या वेळी झालं तर कुणी मनावर घेत नाही. आमच्याकडे ते दीड वर्ष चाललं. आत्या नाशिकला असते, त्यामुळे इंदूर–नाशिक हा सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता आम्ही वर्षातून चार-पाच वेळा करतो: राऊ, मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, चांदवड. नाके बरेच लागतात. त्या दीड वर्षात बाबांच्या गाडीला तीन टॅग झाले, दोनदा दुप्पट टोल भरला आणि एकदा भर उन्हात बाबांचा रक्तदाब वाढेपर्यंत वाद झाला. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात उपकरणं तपासण्याचं काम करते. तिथे कुठलंही यंत्र बिघडलं की सुटा भाग बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं, हा आमचा पहिला नियम. टॅगच्या बाबतीत मात्र आम्ही दर वेळी सुटा भागच बदलत राहिलो. तुमचाही टॅग 'कधी चालतो, कधी नाही' अशा अवस्थेत असेल तर नवा मागवण्याआधी हे सगळं वाचा.

आधी दोष कुठल्या बाजूचा ते ठरवा

टोलवर अडण्याचे दोन अगदी वेगळे आजार आहेत. नाक्यावर मात्र दोन्हींना एकच नाव मिळतं: 'टॅग चालत नाहीये'.

पहिल्या आजारात लेनवरच्या अँटेनाला टॅग दिसतच नाही. दुसऱ्यात टॅग दिसतो, त्याचा क्रमांक पुढे जातो, पण पलीकडून नकार येतो. पहिल्याचं मूळ काचेत, चिकटवलेल्या जागेत किंवा टॅगच्या अंगात असतं. दुसऱ्याचं मूळ नोंदीत असतं: शिल्लक, केवायसी, गाडीचा क्रमांक, ब्लॅकलिस्ट. काच अडवत असेल तर दहा वेळा रिचार्ज करून उपयोग नाही, आणि नोंद चुकली असेल तर टॅग काचेवर कितीही हलवून उपयोग नाही.

ओळखायचं कसं? लेनच्या बाजूला एक छोटा दिव्यांचा फलक असतो. त्यावर तुमच्या गाडीचा क्रमांक किंवा वर्ग उमटला आणि मग लाल झालं, तर टॅग वाचला गेला आहे. म्हणजे दोष नोंदीत. फलक कोराच राहिला तर दोष वाचण्यात. फलक दिसत नसेल तर खिडकीतल्या माणसाला नेमका प्रश्न विचारा: "गाडी नंबर आया क्या स्क्रीन पे?" 'टॅग का चालत नाही' असं विचारलंत तर उत्तर एकच मिळेल, नवा घ्या.

अजून एक खूण फार उपयोगाची आहे. हातातलं मशीन काचेला अगदी टेकवल्यावर वाचतं आणि वरचा अँटेना वाचत नाही, तेव्हा चिप जिवंत असते. तिच्यापर्यंत पुरेशी शक्ती पोचत नसते, एवढंच. आमचे पहिले सहा महिने ही खूण समोर असूनही आम्ही तिच्याकडे पाहिलं नाही.

फोनवर टॅग तपासायला जाऊ नका. बाबांनी फोन टॅगला लावला, काही वाजलं नाही आणि त्यांनी टॅग मेला असं जाहीर केलं. फोनमधलं एनएफसी, म्हणजे टेकवून वाचायची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. धडधाकट टॅगसुद्धा फोनला दिसत नाही.

टॅग कसा बोलतो

एवढं समजलं की बाकीचं आपोआप सुटत जातं. टॅगमध्ये बॅटरी नसते. त्या जांभळ्या कागदाच्या आत तांदळाच्या कणीहून लहान चिप असते आणि तिला जोडलेली पातळ धातूची अँटेना असते. लेनच्या वर बसवलेलं यंत्र लहरी सोडतं, टॅगची अँटेना त्या लहरींमधूनच शक्ती घेते, चिप क्षणभर जागी होते आणि त्याच लहरींवर आपला क्रमांक परत पाठवते. म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही प्रवास त्याच काचेतून. काचेने किंवा तिच्यावरच्या कुठल्या थराने लहरी थोड्या अडवल्या तरी नुकसान दोनदा होतं.

टॅग काचेला थेट चिकटलेला असेल असं धरूनच त्याची अँटेना आखलेली असते. मागे पत्रा आला, दुसरा टॅग आला किंवा माणसाचा हात आला की ती बेसूर होते. आपलं शरीर बहुतेक पाणी आहे आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. टॅग मुठीत धरून काचेला लावणारे लोक म्हणूनच कधी सुटतात, कधी अडकतात.

आमचा पहिला टॅग: ब्लेडने 'वाचवलेला'

मानपूरच्या घाटात पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि समोरच्या काचेला तडा गेला. इंदूरला आल्यावर एका दुकानात काच बदलली. तिथल्या कारागिराने जुन्या काचेवरचा टॅग ब्लेडने हळूहळू सोडवला आणि नव्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टीने लावून दिला. त्याचा हेतू चांगला होता. "काकाजी, आपका टॅग बचा दिया," असं तो कौतुकाने म्हणाला आणि बाबांनी त्याला चहाला पैसे दिले.

फास्टॅग मुद्दाम असा बनवलेला असतो की सोडवला तर फाटावा. एका गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीला लागू नये म्हणून ही सोय. वरचा कागद अखंड दिसतो, आत अँटेनाची रेघ तुटलेली असते. तुटक्या अँटेनावर चिप काही इंचांवरून बोलते, लेनच्या उंचीवरून नाही. हातातल्या मशीनवर बीप आणि लेनमध्ये शांतता, याचा अर्थ हा होता.

काच बदलली की टॅग बदलायचा, यात दुसरा मार्ग नाही. त्याच बँकेकडे बदली टॅग मागितला तर खातं तेच राहतं, शिल्लक तिथेच राहते. आम्ही हे केलं नाही. आम्ही दुसऱ्या बँकेचा नवा टॅग घेतला आणि तिसऱ्या घोळाचं बी तिथे पेरलं गेलं.

दुसरा टॅग: आईच्या हातात

दुसरा टॅग रस्त्याकडेच्या टेबलावर घेतला. देणारा म्हणाला, आधी एक-दोन नाक्यांवर चालतो का बघा, मग चिकटवा. बाबांना ते पटलं. त्यामुळे आई पुढच्या सीटवर बसून, नाका आला की टॅग काचेशी धरायची. कधी वाचला जायचा, बहुतेक वेळा नाही. दोन फेऱ्यांनंतर बाबांनी निकाल दिला: हा टॅगही खराब. मग तिसरा मागवला, आणखी वेगळ्या बँकेचा. तोही आईच्याच हातात आला आणि तसाच वागला.

सुटा टॅग हातात धरून दाखवणं हे नुसतं गैरसोयीचं नाही. जुलै २०२५मध्ये भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग दिसले की नाक्याने ताबडतोब कळवावेत आणि ते ब्लॅकलिस्ट व्हावेत असं धोरण काढलं. 'चालतो का ते बघून मग चिकटवू' हा विचार तेव्हापासून फार महागात पडू शकतो.

दोष सापडला तो अपघातानेच. धुळ्याच्या अलीकडे एका नाक्यावर गर्दी नव्हती. आईने वैतागून बाजूची काच खाली केली आणि टॅगची कड धरून हात बाहेर काढला, "घे बाबा, हा बघ तुझा टॅग." दांडा लगेच वर गेला. मी मागच्या सीटवर होते. पुढच्या नाक्यावर आम्ही मुद्दाम प्रयोग केला. काचेच्या आत टॅग धरला तर फलक कोरा, बाजूच्या खिडकीतून बाहेर धरला तर दोन सेकंदांत हिरवा. म्हणजे टॅग उत्तम होता. दुसराही उत्तमच होता. मधे काहीतरी उभं होतं.

घरी येऊन काच बदलल्याचं बिल काढलं. काचेच्या खाली एक ओळ होती: उष्णतारोधक फिल्म. इंदूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना ही फिल्म लावण्यामागचं दुःख सांगायला नको. दुकानदाराने ती आग्रहाने लावली होती आणि बाबा विसरूनही गेले होते. या फिल्म दोन जातींच्या असतात. सिरॅमिक जातीची फिल्म लहरींना फारशी हात लावत नाही. धातूचा थर असलेली फिल्म उन्हाची उष्णता परतवते आणि तशाच रेडिओ लहरीही परतवते. आमची दुसऱ्या जातीची निघाली. एखाद्या नाक्यावर टॅग वाचला जायचा, कारण लहरी बाजूच्या खिडक्यांमधून, फिल्मच्या कडेने थोड्या आत शिरायच्या. गाडी कुठे थांबली, अँटेना किती उंचीवर, शेजारी ट्रक होता की मोकळी लेन, यावर दर वेळचा निकाल बदलायचा. 'कधी चालतो, कधी नाही' यात दैवाचा भाग काही नसतो. शक्ती अगदी काठावर पोचत असते, म्हणून तसं होतं.

तुमच्या काचेवर फिल्म असेल तर लावणाऱ्याकडून तिचा प्रकार लेखी घ्या. धातूची असेल तर टॅगपुरता चौकोन कापून घेता येतो, पण चौकोन टॅगएवढाच कापू नका. चारही बाजूंना तीन-चार बोटं मोकळी ठेवा. आम्ही पूर्ण फिल्म काढून टाकली. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा असा नियमच आहे आणि रात्री घाटात गाडी चालवताना ती स्वच्छ काच मला फिल्मपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

फिल्म न लावताही हा दोष असू शकतो. काही महागड्या गाड्यांच्या काचेतच कारखान्यात धातूचा सूक्ष्म थर दिलेला असतो. अशा काचेत टॅगसाठी एक बिनथराचा तुकडा सोडलेला असतो, बहुधा आतल्या आरशाच्या आसपास. तो कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते पान एकदा काढून बघा. शेजारच्या काकांच्या गाडीला त्या एका पानाने दहा मिनिटांत बरं केलं. त्यांचा टॅग डावीकडे खालच्या कोपऱ्यात होता, त्याऐवजी नवा टॅग आरशाजवळ लावला.

डाव्या खालच्या कोपऱ्यावरून आठवलं. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटबरोबर मिळणारं तिसरं चिन्ह, म्हणजे आतून लावायचा तो चकचकीत स्टिकर, त्याच कोपऱ्यात असतो आणि तो क्रोमियमचा होलोग्राम असतो. टॅग त्याच्या शेजारी किंवा त्याच्यावर लावू नका.

तिसरा टॅग: आता वाचला जातो, पण 'ब्लॅकलिस्ट'

फिल्म काढली, तिसरा टॅग नीट चिकटवला, ॲपमध्ये ९०० रुपये शिल्लक आणि 'सक्रिय' असं स्पष्ट लिहिलेलं. पुढच्या फेरीत पहिले दोन नाके गाडी न थांबता पार झाले. तिसऱ्यावर लाल. "सर, ब्लॅकलिस्ट है." बाबांनी ॲप दाखवलं. त्याने स्वतःचा पडदा दाखवला. दोघंही खरं बोलत होते.

मी त्याला विनंती केली की हातातल्या मशीनवर टॅगचे शेवटचे चार आकडे वाचून सांग. ते आमच्या काचेवरच्या टॅगचे नव्हते.

दुसरा टॅग बाबांनी सूर्यकिरणं अडवायच्या झडपेच्या कप्प्यात जपून ठेवला होता. त्याच्या खात्यात ७०० रुपये होते, टाकवणार कसा? फास्टॅगच्या व्यवस्थेत एका गाडीला एकच टॅग चालतो. तिसरा टॅग निघाला त्याच वेळी दुसरा बंद झाला होता. पण टॅग बंद होतो तो नोंदवहीत. चिपला त्याची वार्ता नसते. लहर आली की ती आपला क्रमांक देणारच. फिल्म होती तोवर दोघंही मुके होते. फिल्म गेल्यावर दोघंही बोलायला लागले आणि ज्याचा आवाज आधी पोचेल त्याप्रमाणे दांडा उठायचा किंवा नाही.

म्हणून गाडीत जुना टॅग कुठेही ठेवू नका. काचेवर नाही, झडपेत नाही, कागदपत्रांच्या पाकिटात नाही. एकावर एक तर मुळीच लावू नका. तसं केलं तर दोघांच्या अँटेना एकमेकींना बेसूर करतात. जुना टॅग काढला की चिपच्या मधोमध कात्री चालवा आणि मग टाका. खात्यातले पैसे टॅगच्या कागदात नसतात. त्या बँकेला टॅग बंद करायला सांगितलं की शिल्लक आणि सुरुवातीला घेतलेली अनामत परत मिळते. आमचे ७०० रुपये बाबांच्या खात्यात आले.

नोंदीच्या बाजूचे बाकीचे दोष

घरबसल्या पहिली गोष्ट करायची ती ही: एनपीसीआय, म्हणजे फास्टॅगची देवघेव चालवणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर फास्टॅगची स्थिती बघायचं पान आहे. तिथे गाडीचा क्रमांक टाका. त्या गाडीच्या नावावर कुठल्या बँकांचे किती टॅग आहेत आणि कुठला सक्रिय आहे ते कळतं. बँकेचं ॲप फक्त स्वतःच्या टॅगबद्दल सांगतं, म्हणून हे पान जास्त भरवशाचं.

शिल्लक संपल्यावर नाक्याच्या रांगेत उभं राहून रिचार्ज करायची सवय सोडलेली बरी. १७ फेब्रुवारी २०२५पासून असा नियम आहे की वाचण्याच्या वेळेआधी ६० मिनिटांहून जास्त काळ टॅग ब्लॅकलिस्ट किंवा अपुऱ्या शिल्लकेच्या स्थितीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंतही तसाच राहिला, तर व्यवहार नाकारला जातो. तेव्हा प्राधिकरणाने खुलासा केला होता की राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची स्थिती त्या क्षणाला कळते, त्यामुळे तिथे पोचण्याआधी कधीही रिचार्ज केलं तरी चालतं. काही राज्य महामार्गांवर मात्र तेव्हा जुनी पद्धत होती, जिथे ब्लॅकलिस्टची यादी ठरावीक वेळाने यायची. एकाच दिवशी एका नाक्याने सोडलं आणि दुसऱ्याने अडवलं, याचं कारण एवढंच असू शकतं. निघायच्या आदल्या रात्री शिल्लक बघा, किंवा ठरावीक रकमेखाली गेली की आपोआप भरली जाईल अशी सोय करून ठेवा.

नवी गाडी घेतलेल्यांसाठी एक खास जागा आहे अडकण्याची. शोरूममधून टॅग मिळतो तो चेसिस क्रमांकावर. आरसी हातात आल्यावर गाडीचा क्रमांक बँकेकडे नोंदवायचा असतो, ९० दिवसांच्या आत. नाही नोंदवला तर टॅग हॉटलिस्ट होतो, आणखी ३० दिवसांनी ब्लॅकलिस्ट. माझ्या मैत्रिणीची तीन महिन्यांची गाडी यात अडकली, गाडीला काही झालेलं नसताना. शोरूमवाले हे करून देतील असं धरू नका.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचा टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या. टॅग गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. टॅगला पाच वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. १५ मार्च २०२४नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेचे टॅग रिचार्ज होणं बंद झालं, तसले टॅग अजूनही काही काचांवर दिसतात, ते काढा. केवायसीचा संदेश कुठल्या मोबाइलवर येतो तेही एकदा बघून घ्या. आमच्याकडे तो बाबांच्या बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर जात होता.

चिकटवताना

हे काम सकाळी करा, गाडी सावलीत असताना. उन्हात तापलेल्या काचेवर डिंक घाईने धरतो आणि मागे हवेचे फुगे राहतात. काच आतून पुसा, आधी ओल्या कापडाने, मग दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. डॅशबोर्डच्या पॉलिशचा तेलकट थर काचेवर चढलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. पूर्ण कोरडी होऊ द्या.

जागा म्हणजे काचेचा मध्य, आरशामागे, वरच्या पत्र्यापासून साधारण चार बोटं खाली. नव्या गाड्यांत तिथे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असतो. त्याच्या तोंडासमोर टॅग आला तर ब्रेक आणि लेनच्या सूचना चुकतील, म्हणून बाजूला सरका. डॅशकॅमही टॅगला खेटून नको. काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची जी पट्टी असते तिथला पृष्ठभाग खरखरीत असतो आणि डिंक नीट बसत नाही, शक्य तर तिच्या बाहेर लावा.

मागचा कागद सोलण्याआधी टॅग आडवा धरून जागा बघून घ्या, छापील बाजू बाहेरून दिसेल अशी. एकदा टेकला की टेकला. उचलून सरळ करायला गेलात तर अँटेना फाटते, आणि आमच्या पहिल्या टॅगचीच गोष्ट पुन्हा सुरू होते. मधून कडेकडे अंगठ्याने दाबत या. दुहेरी टेप, प्लास्टिकचा खिसा, व्हॅक्यूमची डकवणी, यांपैकी काही वापरू नका. नंतर एक दिवस ती काच आतून ओली करू नका.

तरी नाका अडला तर

टॅग सक्रिय आहे, शिल्लक पुरेशी आहे, टॅग नीट चिकटलेला आहे आणि दोष नाक्याच्या यंत्रात आहे, अशा वेळी तुम्हाला एक रुपयाही न घेता सोडायचं असतं आणि शून्य व्यवहाराची पावती द्यायची असते. २०१८मध्ये नियमांत तशी दुरुस्ती झाली आहे. हे शांतपणे, आवाज न चढवता सांगा आणि पावती मागा. पण आधीच्या दोन नाक्यांवरही टॅग वाचला गेला नसेल तर हा हक्क सांगू नका. तेव्हा दोष तुमच्या काचेत असण्याचीच शक्यता जास्त, आणि खिडकीतल्या त्या पोराला बारा तास उन्हात बसून हेच वाद ऐकावे लागतात.

टॅग अवैधच निघाला आणि पैसे भरायची वेळ आली तर रोख देऊ नका. १५ नोव्हेंबर २०२५ला रोखीला दुप्पट आणि यूपीआयला सव्वापट असा दर लागू झाला. १०० रुपयांच्या टोलला रोख २००, यूपीआयने १२५. तक्रारीसाठी राष्ट्रीय महामार्गांचा क्रमांक १०३३, आणि चुकीची रक्कम कापली गेली असेल तर टॅग देणारी बँक.

फास्टॅगच्या वार्षिक पासबद्दल मला इंदूरचे खूप जण विचारतात. १५ ऑगस्ट २०२५ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते, खासगी कार-जीपसाठी. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. महाकाळाच्या दर्शनाला जाताना इंदूर–उज्जैन रस्त्यावर कापले जाणारे पैसे बघून 'पास बिघडला' असं समजू नका, तो रस्ता राज्याचा आहे. पुढे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही पास लागत नाही. टॅग फक्त चेसिस क्रमांकावर असेल तर पास सुरूच होत नाही.

आम्ही दिवाळीत पुन्हा नाशिकला गेलो. राऊच्या पुढचा पहिला नाका आला तसा आईचा उजवा हात सवयीने काचेकडे उचलला गेला. काचेवर टॅग होता, तिच्या हातात काहीच नव्हतं. तिचा हात अजून वरच होता आणि दांडा उघडला होता. बाबांच्या फोनवर पैसे कापल्याचा संदेश वाजला तेव्हा आम्ही नाक्याच्या पलीकडे पोचलो होतो.